घरच्या गच्चीवरील सूर्यवीज : अन्नपूर्णा परिसरातील घरांचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या घरी वस्तू पडून राहिलेली कोणालाच आवडत नाही. गोदामात माल पडला की त्यावर व्याज चढते, पेढीत रोकड पडली की ती कोठे लावावी याची चिंता सुरू होते. असे असूनही घराची गच्ची मात्र वर्षातील बहुतेक दिवस रिकामी असते. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया आणि मिरच्या वाळत घालण्यापुरता तिचा उपयोग; एरवी पाण्याची टाकी आणि मोडके सामान एवढेच तिचे भाडेकरू. या गच्चीवर पडणाऱ्या उन्हापासून घरची वीज तयार करता येते, हे आता सर्वांस ठाऊक झाले आहे. अन्नपूर्णा मंदिरापासून सुदामानगरपर्यंतच्या गल्ल्यांतून फिरताना काळसर निळ्या काचांच्या ओळी ठिकठिकाणी दिसतात. परंतु त्या काचा बसविणे फायद्याचे केव्हा आणि तोट्याचे केव्हा, याचा सरळ हिशेब मांडलेला फारसा आढळत नाही. विक्रेते उन्हाचे गुणगान करतात, शेजारी आपले बिल दाखवितात आणि आपण त्या दोहोंच्या मध्ये उभे राहतो. सभासद बंधूंना व गृहिणी भगिनींना हा निर्णय स्वतःच्या कागदावर घेता यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम या विद्येची थोडी ओळख करून घेऊ. प्रकाशापासून वीज निर्माण होऊ शकते हे बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८३९ साली लक्षात आले. तथापि उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे ठेवला, तेव्हा तो अंगावर पडलेल्या प्रकाशशक्तीच्या सुमारे सहा टक्के एवढीच वीज देत असे. आज बाजारातील चांगले पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक देते. यंत्राला चाक नाही, पट्टा नाही, तेलपाणी नाही. पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते. इन्व्हर्टर तिला घरातील दिव्या-पंख्यांना चालेल अशी करतो आणि नेट मीटर येणाऱ्या व जाणाऱ्या युनिटांची नोंद ठेवतो. सारा कारखाना तो एवढाच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅनेलला ऊन हवे असते, पण उष्णता नको असते. त्याच्या पाठीवर छापलेली शक्ती २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. पॅनेल त्याहून जितके तापेल तितकी त्याची शक्ती घटते. सामान्यतः दर अंशाला शेकडा ०.३ ते ०.४ या प्रमाणात. वैशाखातील दुपारी काच ६५ अंशांवर गेली, तर नाममात्र शक्तीचा सातवा-आठवा हिस्सा केवळ तापण्यात जातो. सबब, जेथे सर्वांत अधिक होरपळ तेथे सर्वांत अधिक वीज, हे समीकरण बरोबर नाही.

आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळ मारवाडात आहे. त्या मरुभूमीशी तुलना केली असता आपली बाजू वाटते तितकी पडती नाही. जोधपूरच्या पलीकडे फलोदीजवळ भडला येथे २,२४५ मेगावॅटचे प्रचंड सौर उद्यान उभे आहे. निरभ्र आकाश, स्वस्त व ओसाड जमीन यांमुळे ते तेथे झाले. परंतु त्याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती, आणि वाळूची धूळ इतकी की काचा पुसण्यासाठी पाण्याशिवाय चालणारी यंत्रे ठेवावी लागतात. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीच्या माळव्याच्या पठारावर आहे. येथे हवा खेळती आणि रात्री थंड असतात. ‘शब-ए-मालवा’ची कीर्ती उगीच झालेली नाही. पावसाळ्याचे ढग आपले उत्पन्न कमी करतात हे खरे. पण तोच पाऊस काचा फुकटात धुऊन देतो. वर्षाची सरासरी घेतली तर येथे एक किलोवॅटच्या संयंत्रापासून दिवसाला सुमारे चार युनिट मिळावेत. धूळ, सावली व वयोमान यांसाठी थोडी घट धरून वर्षाला १,४०० युनिट धरणे सावधपणाचे होईल. मरुभूमीतील घराला याहून थोडे अधिक मिळेल, इतकेच.

इंदूर महानगरपालिकेने याच उन्हावर भरवसा ठेवून एक मोठा व्यवहार केला आहे. व्यापारी वाचकांना तो ठाऊक असणारच. त्यांपैकी काहींनी त्यात पैसेही गुंतविले असतील. १९७८ पासून आपण नर्मदेचे पाणी पितो. ते खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर तोडून, घाट चढवून आणावे लागते, आणि पंपांच्या विजेचा खर्च पालिकेच्या तिजोरीवरील एक अवजड ओझे आहे. तो कमी करण्यासाठी जलूद येथे ६० मेगावॅटचे सौर संयंत्र उभारण्याचे ठरवून पालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे सव्वाआठ टक्के व्याजाने जनतेपुढे ठेवले. मागणी त्याच्या जवळजवळ सहापट आली. सामान्य गुंतवणूकदारांसाठी असे रोखे काढणारी ही देशातील पहिली नगरसंस्था ठरली. व्यवहाराची दृष्टी पाहण्यासारखी आहे : पालिकेने प्रथम आपला खर्च मोजला, मग संयंत्राचे माप ठरविले. घरमालक पुष्कळदा याच्या उलट करतो. गच्ची मोजतो आणि ती भरून काढतो.

आता सरकारी साहाय्याकडे वळू. ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली असून एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे संयंत्र कितीही मोठे केले तरी अनुदान ७८,००० वरच थांबते. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा : चौथ्या किलोवॅटपासून पुढचा प्रत्येक रुपया आपल्या खिशातला आहे. अनुदानासाठी पॅनेलांतील घट भारतात तयार झालेले असावे लागतात, आणि विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो. अनुदानाची रक्कम संयंत्र चालू झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. तेव्हा आरंभीची भरणी आपणासच करावी लागेल, अथवा योजनेखाली मिळणारे कर्ज घ्यावे लागेल. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संयंत्राला वीज कंपनीच्या तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, ही २०२४ च्या नियमांनी झालेली एक चांगली सोय आहे.

नेट मीटरचा व्यवहार म्हणजे आपली जुनी उधार-जमेची वही होय. दिवसा घरात न लागलेले युनिट तारेवरून बाहेर जातात, ते आपल्या खाती जमा होतात. रात्री आपण तारेवरून घेतो, ते नावे पडतात. महिन्याअखेर जमा अधिक असेल तर ती पुढील महिन्यात ओढली जाते. येथवर सर्व गोड आहे. परंतु वही कायमची चालत नाही. आपल्या वह्यांचे पूजन दिवाळीस होते. विजेचे वर्ष ३१ मार्चला मिटते. त्या दिवशी उरलेल्या जमा युनिटांना जो भाव मिळतो, तो आपण वीज विकत घेतो त्या भावाच्या मानाने बराच उतरता असतो. घेताना किरकोळीचा दर आणि देताना ठोकीचा, असा हा सौदा आहे. आणि तो अन्यायाचा म्हणता येणार नाही, कारण तारा, रोहित्रे व रात्रीची वीज यांचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतोच.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. पुढील आकडे समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या बिलांतील व आपणास आलेल्या भावपत्रांतील आकडे घालावेत. समजा, अन्नपूर्णा मार्गालगत राहणाऱ्या एका कुटुंबाला वर्षाला ३,६०० युनिट लागतात : एप्रिल ते जून वातानुकूलनामुळे दरमहा ४५०, जुलै ते ऑक्टोबर दरमहा ३००, आणि नोव्हेंबर ते मार्च दरमहा २१०. विजेचा भाव करासह सरासरी साडेसहा रुपये धरू, वर्षअखेरच्या शिलकी युनिटाचा अडीच रुपये. तीन किलोवॅटचे संयंत्र १,८०,००० रुपयांस पडले. अनुदान वजा जाता घरचे १,०२,००० रुपये लागले. त्यापासून वर्षाला ४,२०० युनिट निघतील. म्हणजे गरजेपेक्षा ६०० अधिक. बिल शून्य झाले, असे वाटेल.

पण महिने मांडून पाहावेत. एप्रिल-मे मध्ये संयंत्र दरमहा सुमारे ४१० युनिट देईल व घर ४५० खाईल. जून ढगाळू लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये उत्पन्न अडीचशेच्या घरात उतरते. एप्रिलला कोऱ्या पानाने वही उघडलेली असल्यामुळे जमेला काहीच नसते. म्हणून या पाच महिन्यांत सुमारे २८० युनिट रोखीने विकत घ्यावे लागतात. याउलट ऑक्टोबरपासून आकाश मोकळे होते, हवा थंड होते, घरातील खप कमी होतो आणि जमा साचत जाते. ती वापरण्याचा उन्हाळा येण्यापूर्वीच मार्च संपतो. अशा रीतीने सुमारे ८८० युनिट उतरत्या भावाने द्यावे लागतात. एकूण वर्षाची बचत सुमारे २३,८०० रुपये होते. सव्वाचार वर्षांत मुद्दल सुटते. संयंत्राचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानले जाते, मध्यंतरी एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल असे धरले तरी हा सौदा उत्तम आहे.

आता विक्रेता म्हणतो, ‘शेठजी, गच्ची मोठी आहे, पाच किलोवॅट बसवा.’ त्याचा भाव समजा २,९०,०००. अनुदान तेच ७८,०००. घरचे २,१२,००० लागले. वर्षाला ७,००० युनिट निघतील. त्यांतील ३,६०० घरात जिरतील, ३,४०० अडीच रुपयांनी जातील. प्राप्ती ३१,९०० रुपये. तीन किलोवॅटपेक्षा ही सुमारे ८,१०० रुपयांनी अधिक, आणि तिच्यासाठी १,१०,००० रुपये जादा गुंतले. तेवढीच रक्कम सात टक्क्यांनी ठेवली असती तर व्याज ७,७०० रुपये आले असते व मुद्दल शाबूत राहिले असते. येथे मुद्दल दरवर्षी झिजते. ज्या दोन किलोवॅटसाठी गच्चीची आणखी दोनशे चौरस फूट जागा दिली, त्यांनी हाती काहीच ठेवले नाही. पहिले तीन किलोवॅट कमावते झाले आणि नंतरचे दोन नुसते खाणारे. विजेवर चालणारी मोटार घ्यावयाची असेल, स्वयंपाक विजेच्या शेगडीवर न्यावयाचा असेल, मुलाचे लग्न होऊन वरचा मजला नांदता होणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे खपच वाढणार आहे. परंतु खप वाढेल या नुसत्या आशेवर माल भरून ठेवण्याची सवय बाजारात कोणाला तारक ठरली आहे?

उलट टोकाची घरेही आहेत. मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजनेखाली महिन्याला दीडशे युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घराला पहिल्या शंभर युनिटांसाठी शंभरच रुपये द्यावे लागतात. वृद्ध दांपत्याचे, एक-दोन पंखे आणि शीतकपाट एवढ्यावर चालणारे घर या सवलतीत बसत असेल, तर त्याला सूर्यवीज वाचवून देईल काय? फारच थोडे. अशा घराने शेजाऱ्याच्या काचा पाहून घाई करू नये.

‘शून्य बिल’ या शब्दाविषयीही दोन अक्षरे लिहिली पाहिजेत. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार द्यावा लागतोच. आणि वीजपुरवठा खंडित झाला की साध्या संयंत्राचा इन्व्हर्टरही आपण होऊन बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कामगाराला आपल्या गच्चीवरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. भर दुपारी ऊन असूनही घरात पंखा फिरत नाही, हे पाहून पुष्कळांना फसविल्यासारखे वाटते. अंधारासाठी बॅटरी हवी असेल तर ती वेगळी घ्यावी लागते, आणि तिने वरचा सारा हिशेब बदलतो.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांसाठी एक विशेष विचार आहे. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाचा स्वयंपाक, वाटण-घाटण, भांडी हे सारे दिवसाउजेडी होते. रात्री दिवे आणि पंखे उरतात. आजच्या नेट मीटरात दिवसाचे युनिट व रात्रीचे युनिट यांत फारसा भेद नसला, तरी केंद्र सरकारने २०२३ साली केलेल्या नियमांचा रोख दिवसाची वीज स्वस्त व सायंकाळची महाग करण्याकडे आहे. ही पद्धत घरोघर आली की दिवसा बाहेर पाठविलेले युनिट संध्याकाळच्या महाग युनिटाची पुरती बरोबरी करीलच असे नाही. तेव्हा जे घर आपली वीज उन्हातच वापरून टाकते, ते अधिक लाभात राहील. धुलाई यंत्र, पाण्याचा पंप आणि इस्त्री ही कामे अकरा ते तीनच्या दरम्यान आणणे कोणत्याही गृहिणीला कठीण नाही.

गच्चीची पाहणी विक्रेत्यावर सोडू नये. कर्कवृत्त उज्जैनच्या किंचित उत्तरेने जाते. इंदूर त्याच्या दक्षिणेस जवळच आहे. म्हणून जूनच्या आरंभी व जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो, आणि उरलेल्या बहुतेक वर्षभर तो दक्षिणेकडे कललेला असतो. पॅनेलांचे तोंड दक्षिणेस व कल सुमारे वीस अंशांचा ठेवतात तो याचसाठी. खरी परीक्षा डिसेंबरची. त्या महिन्याच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा दहा फूट उंचीच्या टाकीची सावली उत्तरेकडे दहा फुटांहून थोडी अधिक पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती कितीतरी लांबते. पॅनेल एका ओळीत माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एका मण्यावर सावली पडली तरी साऱ्या माळेचे उत्पन्न खालावते. अन्नपूर्णा भागातील जुने भूखंड लहान व घरे एकमेकांस खेटून आहेत. दक्षिणेचा शेजारी तिसरा मजला चढविणार आहे काय, याची चौकशी करूनच करार करावा. ती चौकशी फुकट होते आणि तिचे मोल पंचवीस वर्षे मिळते. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा धरावी. वाळवणासाठी गच्ची राखावयाची असल्यास सात-आठ फूट उंच सांगाडा करता येतो. त्याला खर्च अधिक लागतो, आणि ज्येष्ठातील वावटळीत तो टिकावा म्हणून त्याचे पाय छपराला भक्कम आवळावे लागतात. येथे केलेली काटकसर फार महाग पडते.

दुकानदारांसाठी थोडक्यात. हे अनुदान घरांसाठी आहे, दुकान-गोदामांसाठी नाही. परंतु दुकानाची वीज घरगुती विजेहून महाग असते व ती दिवसाच लागते. शिवाय धंद्याच्या हिशेबात सौर संयंत्रावर वर्षाला ४० टक्के दराने घसारा धरता येतो. सप्टेंबर २०२५ पासून या साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्याआधीची जुनी भावपत्रे हाती असतील तर ती नव्याने मागवावीत. सियागंजमधील किंवा कापड मार्केटमधील गच्च्या बहुधा अनेक मालकांच्या असतात. तेथे वीज तयार करण्यापेक्षा सहमती तयार करणे अवघड जाईल. बहुमजली इमारतींतील गृहसंस्थांना मात्र लिफ्ट, पंप व जिन्यातील दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये साहाय्य स्वतंत्रपणे मिळते.

एकत्र कुटुंबांत पहिला अडथळा कागदांचा येतो. मीटर कैलासवासी आजोबांच्या नावे, घरपट्टी वडिलांच्या नावे आणि बँक खाते मुलाचे, असे असेल तर अर्ज अडतो. प्रथम मीटरचे नाव बदलून घ्यावे. दोन भावांची घरे एका छपराखाली पण दोन मीटरवर असतील, तर ज्या मीटरला संयंत्र जोडले त्याच बिलात जमा दिसते, दुसऱ्यात नाही. गच्ची सामाईक, पैसा एकाचा आणि लाभ एकाचा, ही मांडणी आज प्रेमाने स्वीकारली जाते. वाटणीच्या दिवशी तिचाच वाद होतो. म्हणून कोणी किती घातले आणि बिलातील बचत कशी वाटायची, हे बसविण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

निगा फार लागत नाही. पंधरा दिवसांनी एकदा, सूर्य वर येण्यापूर्वी, गाळलेल्या पाण्याच्या दोन बादल्या आणि मऊ फडके पुरते. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. पॅनेलांखालील सावलीत पारवे घरटी करतात, त्यांच्या विष्ठेने उत्पन्न घटते आणि तारा खराब होतात. त्यांना हाकलण्यासाठी चिकट लेप अथवा विषारी औषधे विकणारे लोक येतात. ते कोणत्याही कारणास्तव करू देऊ नये. संयंत्र बसते त्याच दिवशी चोहोबाजूंनी जाळी लावून घेतली की पारवा आत शिरत नाही. जाळी नंतर लावण्याची वेळ आली, तर आधी आत अंडी किंवा पिले आहेत काय हे वाकून पाहावे, आणि असल्यास ती उडून जाईपर्यंत थांबावे. तेवढ्या काळात होणारे नुकसान फार नसते.